एकाआड एक

ओमारू, न्यूझीलंड. टेलिफोन एक्स्चेंज, नोव्हेंबर १९१८.

गावाआधी आम्हाला कळलं.
रात्री दोनला झडप पडायची, मी तार खोचायची,
"नंबर?" विचारायची
आणि पलीकडे नुसता श्वास. मग, "डॉक्टर."
तिसऱ्या रात्रीपर्यंत डॉक्टरांच्या छिद्राभोवतीचं पितळ
घासून पांढरं पडलं.
चौथ्या रात्री सुताराला फोन सुरू झाले.
सुताराला एवढ्या रात्री कोण कशाला उठवतं,
हे आमच्यातल्या कुणी कुणाला विचारलं नाही.

कामाचा पहिला नियम, ऐकायचं नाही.
दुसरा, ऐकलंच तर बोलायचं नाही.
या कानाचं त्या कानाला नाही,
आणि आमचे तर दोन्ही कान खात्याचे.

वेलिंग्टनहून तार आली:
कर्मचाऱ्यांत घबराट नको. सेवा अखंड चालावी.
सेवा म्हणजे आठ खुर्च्या, खांद्याला खांदा,
आणि तोंडासमोर काळा भोंगा,
संध्याकाळी उनाचा, रात्री थर्झाचा, पहाटे इस्मेचा,
एकीच्या श्वासाची ओल सुकायच्या आत
दुसरीचे ओठ.

थर्झा म्हणाली, "बाई, डोकं ठणकतंय."
मी म्हटलं, "पाणी पी."
मला माहीत होतं.
दोन रात्री मी हेच शब्द
घराघरांतून डॉक्टरांकडे जोडत होते,
डोकं, मग पाठ, मग ताप,
आणि तिला म्हटलं, पाणी पी.
तिने एकतीसची तार तेरात खोचली,
दोन्हीकडच्यांची माफी मागितली
आणि बोर्डावर कपाळ टेकलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या फळ्यावरून मी वेळापत्रक पुसलं.
लिहिलं: थर्झा मॅकराय, कालपासून आजारी.
शेजारी बसलेल्या: उना, इस्मे, मी.
ताप आला तर घरी राहा. पगार कापणार नाही,
कापला तर माझा कापा.
भोंगा प्रत्येकीने फॉर्मॅलिनने पुसायचा,
स्वतः, दुसरीने पुसलाय असं समजून नाही.
चार खुर्च्या बाहेर.
आणि शेवटी:
हे कसं पसरतं, ते कुणालाच नीट माहीत नाही.

गॅलब्रेथसाहेब आले, डस्टर हातातच.
उभ्याउभ्या वाचलं. पुन्हा वाचलं.
"यातलं खोटं काय आहे?"
"काही नाही."
त्यांनी फक्त शेवटची ओळ पुसली.
म्हणाले, "खात्याला माहीत नाही असं नसतं, मिस ड्यूरी."
ती ओळ मी रोज सकाळी लिहायची,
ते रोज दहा वाजता पुसायचे.
खुर्च्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही,
आणि एका दुपारी पाहिलं, दारातल्या खिळ्यावर टांगलेल्या
खडूच्या पिशवीत नवा खडू होता.

तक्रारी आल्या. बाहेर लिलाक फुललेला,
मिसेस एलरीला टोपीवाल्याशी बोलायचं होतं,
अकरा मिनिटं थांबावं लागलं.
मी म्हटलं, "चार जणी आहोत, बाईसाहेब."
"का?" त्यांनी विचारलं.
तोपर्यंत कुणी असं विचारलं नव्हतं.
मी सांगितलं. नियम मोडून, खरं खरं.
बराच वेळ तारेत नुसती घरघर.
मग त्या म्हणाल्या, "टोपी राहू दे."

नऊ तारखेला पहाटे थर्झाच्या घरून फोन आला.
सुताराला.
जोडला मीच.
त्या दिवशी फळ्याकडे जायच्या आधी
मी चढ चढून उनाच्या दारी गेले, मग इस्मेच्या,
मग बंदरापाशी राहणाऱ्या बाकीच्यांच्या.
फळा सांगण्यासाठी असतो,
पण हे त्यांना फळ्याकडून कळायला नको होतं.

बारा तारखेला सगळ्या झडपा एकदम पडल्या.
युद्ध संपलं होतं. रस्त्यावर डबे बडवत गर्दी,
लोक अनोळखी गालांचे मुके घेत होते.
आमची खिडकी उघडीच होती, आठवडाभर, हवेसाठी.
चौघी जणी, आठ हात,
गावातल्या प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचं होतं.
गॅलब्रेथसाहेब धावत वर आले,
"खुर्च्या आणू का आत? आजच्या दिवस?"

मी खडू घेतला.
लिहिलं: युद्ध संपलं.
त्याखाली: खुर्च्या तशाच राहतील.

दहा वाजून गेले.
त्या दिवशी कुणी काही पुसलं नाही.