कुणाला काही विचारायचंय?

सोहार, इंडस्ट्रियल एरिया, कॅम्प नंबर चार.
रात्री साडेबारानंतर वायफाय जरा मोकळं होतं,
वरच्या मजल्यावरची पोरं बायकांशी बोलून झोपतात
तेव्हा सर येतात.
कुठल्याशा बर्फाच्या गावातले, अकरा वर्षांपूर्वीचे,
त्याच तपकिरी स्वेटरमध्ये.
कोपरावर ठिगळ आहे; आधी मला वाटलं गरीब असतील.

फुकट आहे सगळं. पंचवीस व्याख्यानं.
फी नाही, हजेरी नाही,
याचं मला विशेष वाटलं, कारण हजेरी हाच माझा धंदा.
मी टाइमकीपर. पहाटे चार चाळीसला गेटवर
सहाशे बारा अंगठे मोजतो.
सिमेंटने ज्यांच्या रेषा खाल्ल्या त्यांना मशीन ओळखत नाही.
त्यांना मी ओळखतो, हाताने लिहितो.

लांज्याच्या कॉलेजात समाजशास्त्र म्हणजे
कुठेच प्रवेश न मिळालेल्यांची धर्मशाळा.
मीही तिथेच उतरलो होतो, दुसऱ्या वर्षापर्यंत.
समाज म्हणजे काय, पाच व्याख्या लिहा.
सर व्याख्या सांगत नाहीत. खडू बोटांत घोळवत विचारतात,
तुम्ही सकाळी उठता ते कुणाच्या घड्याळाने?
मी आडवा होतो. उठून बसलो.

इंग्रजी अर्धं कळतं.
थांबवायचं, दहा सेकंद मागे, पुन्हा.
नवव्या व्याख्यानात मागच्या बाकावर कुणीतरी खोकतं.
माणूस आपल्याच कामाला परका होत जातो, असं सर म्हणतात
तेव्हा, नेमकं तिथेच, दर वेळी.
शौकत परकारला मी हे समजावून सांगितलं:
तू बांधलेल्या टाकीचं पाणी तुला मिळत नाही, तसं.
तो म्हणाला, पाणी कसलं, ॲसिडची टाकी आहे ती.
आणि कूस बदलून झोपला.

तास संपताना सर विचारतात,
कुणाला काही विचारायचंय?
आणि थांबतात. चार सेकंद, मी मोजलेत.
कुणीच हात वर करत नाही. सर फळा पुसतात.
एकदा माझाच हात वर गेला,
वरच्या बंकच्या पट्टीवर आपटला.

फेब्रुवारीत श्रीनू गेला. जगत्यालचा, परातीवरचा.
कागदावर लिहिलं: हृदय बंद पडल्याने.
ते तर सगळ्यांचंच बंद पडतं शेवटी.
कपडे वाळत घालायची दोरी
दुसऱ्या दिवशी कुणीतरी नवी आणून बांधली.
माझ्या तक्त्यात चारच शब्द:
हजर, गैरहजर, आजारी, रजा.
मी तीन दिवस गैरहजर लिहिलं. पगार कापला गेला.
चौथ्या दिवशी ऑफिसने ओळच काढली,
खालची नावं एकेक घर वर सरकली.

आणि त्याच आठवड्यात चौदावं व्याख्यान.
सर फळ्यावर आकडे मांडतात, देशाखाली देश,
लाखात किती जणांनी स्वतःला संपवलं.
दर वर्षी जवळपास तेवढेच, म्हणतात.
म्हणजे जाणारा एकटा जात नाही,
सगळ्यांचं मिळून काहीतरी कुठेतरी सुटलेलं असतं.
सात वेळा मागे नेलं मी ते.
या तासाला कुणी खोकलं नाही.

तर सर, माझा प्रश्न असा:
ज्याचं घर एका देशात आणि घाम दुसऱ्या,
आणि मरण कागदावर नुसतं हृदयाचं,
तो कुठल्या रकान्यात?
लाखातला तो एक. लाख कुठला धरायचा?

चार सेकंदांत एवढं बोलून होत नाही.
व्हिडिओ थांबवून बोललो. पूर्ण. मराठीत.
सर थिजलेले, तोंड अर्धं उघडं, खडू हवेत,
माणूस ऐकताना दिसतो तसे.
मग बटण दाबलं.
ते म्हणाले, बरं, पुढे जाऊ या.

चार चाळीस. गेट.
नवा माणूस आलाय, आकडा पुन्हा सहाशे बारा.
शौकतचा अंगठा आजही लागत नाही.
काय म्हणाला मग तुझा मास्तर, तो विचारतो,
रात्री बराच वेळ बोलत होतास.
मी म्हटलं, अंगठा पूस. परत लाव.