चार आण्यांचं वजन

मी आलो होतो मीटर बघायला.
रास्ता पेठेत, मोटर वाइंडिंगच्या दुकानावरचा अरुंद जिना,
दारावर पाटी:
'ऐकताना मान हलवावी. खुर्ची हलवू नये.'
आत चार माणसं, फिरती रेकॉर्ड, आणि तेवढ्यात
आमच्याच सबस्टेशननं गुरुवारची लाइन ओढली.
सॅक्सोफोन खाली खाली गेला,
बोलता बोलता कुणी विहिरीत उतरावं तसा,
आणि थांबला.
चौघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात टेस्टर.
मी विचारलं, पुढे काय होतं?
"बसा," फुर्तादो म्हणाले, "सहाला येईल. तुम्हालाच माहीत."

त्याला एकोणीस वर्षं झाली.

फुर्तादो लष्कराच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे.
त्यांना सूर नाही, श्वास ऐकू येतो.
"इथे बघा. लावायच्या आधी घाबरलाय हा."
रिबेका पेणकर कायम ड्रमवाल्याच्या बाजूनं;
ब्रश फिरला की म्हणते, तांदूळ पाखडतोय,
आणि तिनं म्हटल्यापासून
आम्हालाही दुसरं काही ऐकूच येत नाही.
आगटेबाई गाणं शिकवतात, बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतात.
"अहो, पण सम कुठाय यात?"
"येते," केरसी म्हणतो, "दाराशी चपला काढत उभी राहते जरा."
बाई म्हणतात, बरं.
आणि पुढच्या गुरुवारी तेच विचारायला परत येतात.

मी तीन वर्षं नुसती खारी खाल्ली.
मग एकदा, पियानो थांबला होता तेव्हा, म्हणालो,
मागे गुणगुण आहे एक. बारीक.
ती आपल्याकडची नाही. आपली पन्नास हर्ट्झची, जाड असते.
ही साठची. तिकडच्या लाइनची.
कुणी बोललं नाही.
केरसीनं सुई उचलून परत ठेवली, आवाज वाढवला,
आणि आम्ही पाचजण ऐकत बसलो
सत्तर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा रात्री
कुठल्याशा वायरमननं चालू ठेवलेली वीज.
फुर्तादोंनी त्या दिवशी स्वतःच्या कपातला चहा
माझ्या बशीत ओतला.

केरसीच्या लाडक्या रेकॉर्डवर ओरखडा आहे,
कडेपासून दोन बोटं आत.
त्यानं सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवलंय.
सरकारनं चार आणे कधीच बंद केले, इथे चालतात.
तरी सुई उडतेच तिथे,
बास पायरी उतरता उतरता एकदम खालच्या मजल्यावर,
आणि आम्ही त्या उडीवरच मान हलवायला शिकलो.

परवा त्याच्या भाच्यानं तीच गोष्ट आणली, स्वच्छ, फोनमध्ये.
उडीच्या जागी उडी नव्हती.
होत्या दोन-तीन सेकंद गिळलेल्या आवाजांत
बास एकटा, आणि मागे कुणीतरी हसतंय.

"हसला?"
"खोकला."
"हसला हो! परत लाव."
सात वेळा लावलं. दहा वाजले.
रिबेकाच्या मते काठी पडली हातातून.
फुर्तादो म्हणतात, तोंडात हवाच उरली नव्हती, वाचला म्हणून हसला.
आगटेबाई पर्स बंद करता करता म्हणाल्या,
"समेवर आला असेल."
केरसी मात्र भाच्यावर चिडला. म्हणाला,
इतकी वर्षं माझ्या घरात कुणी हसत होतं
आणि मला सांगितलं नाही.

तेव्हापासून दोन पक्ष आहेत.
एक आठवडा ओरखडा, एक आठवडा फोन.
मी ओरखड्याचा. का, ते सांगता येत नाही;
फोनमध्ये ती गुणगुण पुसून टाकलीय, हे एक.

आता निवृत्त आहे मी.
तरी बुधवारी रात्री सबस्टेशनच्या पोराला फोन करतो,
रास्ता पेठ फीडर, सहाला म्हणजे सहाला.
तो विचारतो, केईएमसाठी का साहेब?
मी म्हणतो, केईएमला जनरेटर आहे.