बेचाळीस आकडे, चौसष्ट डोळे

मन्मथप्पा आले तेव्हा मी
कुणाच्या तरी जोडव्याला डाग देत होते.
औषधाच्या चिठ्ठीमागं पेन्सिलीनं यादी:
बेचाळीस आकडे, चौसष्ट डोळे,
चोवीस पट्ट्या, कड्या लागतील तशा.
"पितळेचे करा. अन् चकाकी नको, बाई,
जहाजावर चकाकी नसती."

पूर्णेत जहाज.
मी फुंकणी खाली ठेवली.

माप म्हणून त्यांनी खिशातून काढला
ज्वारीचा एक दाणा.
"डोळा याच्या निम्म्यानं. भोकातून दोरा गेला पायजे,
अन् मागं शेपूट राहिली पायजे, लाकडात रोवायला."

बाप गेल्यापासून एकवीस वर्षं
नथीची तार जंतरातून ओढतेय मी,
पण ही तार त्या भोकातून काढावी लागली
जे बापानं कधी वापरलंच नव्हतं.
त्यात जुनं मेण बसलं होतं, ते टोकरलं आधी.
मग मोती ओवायची सुई उभी धरायची,
तार तिच्या गळ्यात टाकायची, एक पीळ.
दीड पीळ झाला की तुटते.
पहिल्या दिवशी अकरा जमले,
त्यातले चार माझ्याच श्वासानं उडाले.
फरशीच्या फटीत असतील अजून.

"काय करायल्या ओ?" गिऱ्हाईक विचारायचं.
आकडे.
"कुणाच्या कानातले?"

जन्मभर लोकांचं काळं पडलेलं उजळून दिलं,
आता उजळ होतं ते काळं करायचं होतं.
गंधकाच्या धुरावर चाळणी धरली
तर शेजारचा कापडवाला धावत आला,
काय जळालं म्हणून.

महिना झाला, ते आले नाहीत.
कुंकवाच्या डबीत सगळं भरून
मीच गेले लोको कॉलनीच्या मागं.
मेजावर दोन हात लांब सागवान, पोटाशी गोलाई,
तीन डोलकाठ्या नुसत्या उभ्या,
कापूस वेचून झालेल्या पळाट्यांसारख्या.
त्यांचा उजवा हात थांबत नव्हता.
"भोक दिसतं. डोळा दिसतो.
दोन्ही एका जागी येत न्हाईत."

मग मी बसले.
चिमट्यात डोळा, शेपटीला सरसाचा ठिपका,
भोकात. अंगठ्यानं दाबायचं नाही,
नखानं.
एकसष्टावर डबी संपली. मी दोनदा मोजलं होतं.
ते म्हणाले, राहू द्या.
दोरा कप्पीतून आकड्यात, आकडा डोळ्यात,
परबाणाचं टोक उचललं गेलं तसा मी दोरा आवळला.

"जास्ती झालं."
तोंड खिडकीकडं होतं त्यांचं.
"ढिला सोडा. उन्हाळा हाय.
आता एवढा ताणला तर पुसात आखडंल,
काठी वाकवील."

दोरा आहे हा, म्हटलं. तार नाही.

बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग हळूहळू निघालं:
केबिनीपासून हजार पावलांवर सिग्नल,
रुळाच्या कडेनं खुंटी, कप्पी, खुंटी, कप्पी,
अन् त्यातून एकच तार.
"मी इथं दांडा ओढायचो, तिकडं लाल हात पडायचा.
रात्री धुकं असलं तर दिसायचं न्हाई काही.
तारंवरूनच कळायचं, पडला का न्हाई."
पुढं रूळ रुंद झाले, रंगीत दिवे आले.
तारा भंगारात गेल्या, किलोवर.

समुद्राचं विचारलं मी.
"त्येचं काय?" म्हणाले.
"पुस्तकात चित्र बघितलं. मनलं,
एवढ्या तारा एका जागी
आता राहिल्यात कुठं?"

उन्हं कलेपर्यंत मागची काठी झाली.
मी दोरा दोन बोटं सैल सोडला, गाठ मारली,
उरलेलं टोक कापलं.
त्यांनी उठून दोऱ्यावर बोट ठेवलं.
हाताची थरथर दोऱ्यात उतरली,
कप्पीतून वळली, आकड्याला लागली,
पार पुढच्या काठीपर्यंत गेली
आणि तिथलं परबाण
तांदळाच्या कणीएवढं खाली आलं.

त्यांनी डोळे मिटलेले होते.
"पडला," म्हणाले.