श्रवण समाधानकारक

आप्पांच्या कानाची फाइल
साडेतीन किलो भरली.
वडूजला किराणा दुकानाच्या काट्यावर
मीच ठेवून बघितली, दुकानदार हसला.
फडतरे रंगराव हरिबा, हवालदार, तोफखाना.
नोकरी बावीस वर्षं, चार महिने, अकरा दिवस.
एवढं सगळं मोजलेलं,
कान कुठल्या दिवशी गेला
तेवढी नोंद नाही.

साताऱ्याला सैनिक कल्याणच्या कचेरीत
वायदंडे मॅडमना विचारलं,
झालेला निकाल पुन्हा बघायचा अधिकार
नक्की कुणाला असतो?
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
पहिलं अपील दिल्लीला.
ते फेटाळलं की दुसरं, तेही दिल्लीलाच,
टेबल तेवढं वरचं.
प्रयागराजवाले पैसे मोजतात,
कान त्यांच्याकडं येत नाही.
मूळ कागद नाशिक रोडला.
मग मुंबईत न्यायाधिकरण,
तिथं वकील, तारखा, आणि दादरला कुणी ओळखीचं असेल तर बरं.
आणि इथं?
इथं आवक-जावक, बाळ. शिक्का.

आप्पा बाकावर ताठ.
आम्ही काय बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं
आणि ते प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.
घरी कुकरच्या शिट्ट्या मी मोजते.
रस्त्यानं जाताना
वाहनांकडची बाजू माझी.
सासरी जाऊन आठ वर्षं झाली तरी
दर सोमवारी येते,
कारण फोनवर आप्पा फक्त
"सगळं ठीक, ठेव" म्हणतात,
मी काहीही विचारलेलं असू दे.

दोन नकार आले. दोन वेगळ्या सह्या.
मजकूर एकच,
पुढच्या बाकावरच्या पोराचं बघून लिहिल्यासारखा:
सेवेमुळे उद्भवलेले नाही.
सेवेने वाढलेलेही नाही.
निवृत्तीसमयी श्रवण समाधानकारक.

तिथंच अडतंय, मॅडम म्हणाल्या,
त्या एका ओळीवर.
ती खोटी कशी ते दाखवा,
मग कोणीही बघेल पुन्हा.

मी पाकिटाच्या पाठीवर लिहिलं,
मोठ्या अक्षरात, जसं त्यांच्यासाठी लिहिते:
शेवटच्या तपासणीत ऐकू आलं होतं का?

आप्पांनी पाकीट हातात धरलं.
वाचून झालं तरी धरलंच.

मग बोलले.
बहिऱ्या माणसाला
आपला आवाज केवढा ते समजत नाही.

"काचेच्या खोलीत बसवलं मला.
कानावर डबडी लावली.
आवाज आला की बोट वर करा म्हणाले.
आवाज कुठला यायला.
पण बटण दाबणाऱ्या पोराचं मनगट
काचेतनं दिसत होतं.
दाबताना शीर उडायची त्याची.
मी शिरेवर बोट वर केलं.
एकदासुद्धा चुकलो नाही."

कचेरीतला पंखा ऐकू यायला लागला.
पेन्शनच्या रांगेतली एक म्हातारी
पदर तोंडाला लावून बघत राहिली.
कोपऱ्यातल्या शिपायानं
चहाचा ट्रे आवाज न करता टेकवला,
जणू आता त्याची गरज होती.

मी बोटांनीच विचारलं, का?

"आधू होऊन घरी यायचं नव्हतं.
गावातली तीन पोरं त्या साली भरतीला उभी होती.
मला बघून त्यांच्या आया काय म्हणाल्या असत्या."
थोडं थांबले.
"तुझी आईसुद्धा."

वायदंडे मॅडमचा शिक्का
पॅडवर दाबलेला तसाच राहिला होता,
बोटांना जांभळी शाई.
नियमात अशाला काय म्हणतात
ते त्यांना आठवत नसावं,
किंवा आठवत होतं.
त्यांनी ड्रॉवर ओढला,
कोरा कागद काढला,
शाईचं बोट लागू नये म्हणून
दोन नखांत धरून माझ्यापुढं सरकवला.

आधी तारीख टाका, म्हणाल्या.

कुठली टाकू?
कान गेला ती, की बोट वर केलं ती?

आजची.