बशीखालचं

व्हर्ना कोवाल्चिकला माणसं
बशीखालून कळायची.

एरी सरोवराकाठच्या त्या खाणावळीत एकवीस वर्षं
तिनं बशा उचलल्या आणि खाली पाहिलं.
ट्रकवाला: चार डॉलर, कॉफीच्या वर्तुळात ओले.
चर्चमधून आलेले सातजण: मिळून एक डॉलर, आणि प्रार्थनेचं पत्रक.
मनगट धरून ऑर्डर देणारा विमावाला: वीस.
त्या विसांचा हिशेब तिनं कुणाला दिला नाही.

पगार म्हणाल तर तासाला तीन डॉलरही नव्हता.
बाकीचं हसण्यातून काढायचं.
फेब्रुवारीत गाल जास्त दुखायचे.
बर्फानं रस्ते बंद, टेबलं रिकामी,
तरी चेहरा मंद आचेवर ठेवावा लागे,
कुणी आलंच तर.

मार्चमध्ये मालकीण डोरीननं दारावर कागद लावला:
बिलात अठरा टक्के सेवाशुल्क. टिप ठेवू नये.
स्वयंपाकघरासकट सगळ्यांना ठरलेला पगार.
भांडी घासणारा ओस्वाल्दो हात पुसून पुन्हा वाचायला आला.
व्हर्नानं एकदाच वाचला, आणि ऑर्डरच्या वहीत
वजाबाकी केली.
शुक्रवारी तोटा. शनिवारी मोठा तोटा.
मंगळवारी, नवल म्हणजे, फायदा.
“म्हणजे मी आता मंगळवारची बाई,” ती म्हणाली.
ओस्वाल्दो हसला, पण त्याचं कारण वेगळं होतं.

गिऱ्हाइकं कुरकुरली.
एकजण म्हणाला, मग मी खूश झालो हे सांगू कसं?
ती म्हणाली, तोंडानं.

एप्रिलात विमावाला आला. हात पुढे केला.
तिनं त्यात मेनू ठेवला.
एवढंच.
अंडी त्याला हवी तशी, टोस्ट गरम,
आणि बिलात अठरा टक्के,
सातजणांच्या टेबलाला होते तेवढेच.

शनिवारी रात्री, खुर्च्या उलट्या करताना,
गेलेला आकडा अजून टोचतो तिला.
डोरीनला ती तसं सांगतेही.
डोरीन म्हणते, ठाऊक आहे.

बशी उचलली की नजर आपोआप खाली जाते.
टेबलाचं लाकूड. कॉफीचं वर्तुळ.
ती फडकं फिरवते
आणि पुढच्या माणसाकडे बघते:
हा कसा असेल,
आता खरंच सांगता येत नाही.