वादी कबीरचा झेल

सकाळी सहालाच मस्कतचे डोंगर तापायला लागतात.
खजुराच्या क्रेटचे स्टंप, टेप गुंडाळलेला टेनिसचा चेंडू,
आणि खडीवर कुणाच्या तरी गाडीचं सांडलेलं ऑइल,
तीच आमची बाउंड्री.

चेंडू उडाला की मी आधी उभा राहतो.
विमा कंपनीत जोखीम मोजतो मी.
वेग, कोन, समुद्राकडून येणारा वारा…
हिशेब जुळेपर्यंत चेंडू
माझ्या मागे सहा फुटांवर पडलेला असतो.

इम्तियाज पावसकर एसीची कामं करतो.
तो फक्त वर बघतो आणि धावतो.
"चेंडू डोळ्यात एका जागी धरायचा.
वर सरकला तर मागे हो, खाली सरकला तर पुढे ये.
कुठे पडणार ते तुला कशाला हवं?
तू तिथे असलास म्हणजे झालं."

घरी पैसेही तो असेच पाठवतो.
दोन तारीख, रुवीतलं पहिलं एक्स्चेंज, दराकडे पाठ.
मी तीन वर्षं रियालचा आलेख काढला,
चढेल म्हणून थांबलो, पडेल म्हणून घाबरलो.
एकदा दोघांच्या पावत्या मांडून बसलो.
फरक निघाला दोन प्लेट बिर्याणीचा,
त्याच्या बाजूने.
बिर्याणी मीच घातली.

हात धुताना सहज म्हणाला,
एजंटपण असाच निवडलेला.
ऐकलेलं नाव, गावात चौघांच्या तोंडी.
अकरा महिने सलालात,
पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात.
मी विचारलं, मग तुझा नियम?

तो बराच वेळ नळ बंद करत राहिला.
"चेंडूला ठाऊक नसतं रे, मी कुठे बघतोय ते.
त्याला ठाऊक होतं."

आज शेवटच्या ओव्हरला पुन्हा उंच उडाला,
थेट सूर्याच्या पोटात.
मी काही मोजलं नाही.
पाय कुणाचे तरी धावले,
बोटांना टेप लागली,
सुटला.

पण सहा फूट नव्हते या वेळी.
"आलास की जागेवर!" पावसकर लांबून ओरडला,
आणि पिकअपखाली गेलेला चेंडू काढायला
गुडघ्यांवर बसला.

रविवारी ऑफिसात एक नवा दलाल भेटायला येतोय.
फोनवर फार गोड बोलला.
नाव ऐकलेलं आहे.
बत्तीस रकान्यांचा फॉर्म मी काढून ठेवलाय,
सगळे भरणार आहे.