खाजणाचा बांध

आचऱ्याच्या खाडीला वळसा घालणाऱ्या या बांधावर
रिक्षा चढत नाही,
टेम्पो तर नाहीच.
म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी
भाच्याची सायकल मी इथे आणली,
उन्हं कलल्यावर, कुणी विचारायच्या आत.

एका अंगाला तिवरं, दुसऱ्या अंगाला भाताचे कुणगे,
चाकाखाली कुर्ल्यांची बिळं.
उघाडीच्या फळीतून भरतीचं पाणी
थुंकल्यासारखं आत येतं.

समोरून इनास.
हँडलला ओला पाग.

बांधावर दोन सायकली मावत नाहीत,
एकाने उतरायचं.

मला चालवता येते.
उतरता अजून येत नाही.

त्याला ते ठाऊक असावं.
लांबूनच तो चिखलात पाय टाकतो,
सायकल खांद्यावर घेतो
आणि मी पलीकडे जाईपर्यंत
बगळे मोजत राहतो.